धर्माचरण, सामाजिक संबंध आणि वार्धक्य

उपासना, धार्मिक समूहातील सहभाग आणि आप्तेष्ट-शेजाऱ्यांशी असलेले संबंध यांचा आरोग्यावर, विशेषतः उतारवयातील प्रकृतीवर व आयुर्मानावर, होणारा परिणाम हा समाजशास्त्राचा तसाच साथरोगविज्ञानाचा, म्हणजे लोकसमूहातील रोगांची कारणे व प्रसार तपासणाऱ्या शास्त्राचा, विषय आहे. एमील द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येवरील आपल्या १८९७ च्या ग्रंथात कॅथलिकांमध्ये प्रॉटेस्टंटांपेक्षा आत्महत्या कमी होण्याचे कारण धर्ममतात नव्हे, तर समूहाच्या घट्ट विणीत शोधले. पुढे कॅलिफोर्नियातील अलामीडा परगण्यात सुमारे ७,००० प्रौढांची १९६५ पासून नऊ वर्षे पाहणी झाली. विवाह, आप्तमित्र, चर्च व इतर संघटना यांचे बंध ज्यांना सर्वांत कमी होते त्यांचा मृत्युदर दुपटीहून अधिक असल्याचे आणि धूम्रपानादी सवयी जमेस धरूनही हा फरक टिकत असल्याचे लिसा बर्कमन व लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये दाखविले.

श्रद्धेचा परिणाम सहवासाच्या परिणामापासून वेगळा काढणे अवघड असते. त्या दृष्टीने इस्राएलमधील किबुत्झ, म्हणजे सामूहिक मालकीच्या शेतीवसाहती, यांचा अभ्यास मोलाचा आहे. धार्मिक व धर्मनिरपेक्ष अशा दोन्ही वसाहतींत श्रम, मिळकत आणि परस्परांचा आधार जवळपास सारखाच असूनही, १९७० ते १९८५ या काळात धार्मिक वसाहतींतील मृत्युदर बराच कमी आढळला. त्यामुळे केवळ सहवासाने सारा उलगडा होतो, असे म्हणता येत नाही.

तथापि कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते, कारण ज्याचे पाय चालतात तोच देवळापर्यंत पोहोचतो. शिवाय आजारात देवाने आपल्याला टाकले, अशी भावना बळावलेल्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळला आहे.

या संशोधनात धार्मिकता बहुधा चर्चमधील साप्ताहिक उपस्थितीवरून मोजली जाते, आणि हे माप महाराष्ट्राला नीट लागू पडत नाही. येथे नित्यपूजा घरीच होते. सहवास मिळतो तो दिंडीत, भजनी मंडळात किंवा संध्याकाळच्या हरिपाठात, जिथे एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत तर कुणीतरी घरी जाऊन चौकशी करते. वृद्धांच्या पाहणीत हे बंध स्वतंत्रपणे नोंदविल्याखेरीज पाश्चात्त्य निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे युक्त नाही.