मैफल आणि घड्याळ

गायनकलेचा इतिहास म्हणून जें लिहिलें जातें तो बहुधा गवयांचा इतिहास असतो. श्रोत्यांचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. वस्तुतः गाणें कोठें, केव्हां व किती वेळ ऐकावयाचें हें ज्या ज्या वेळीं बदललें, त्या त्या वेळीं गाण्याचेंही रूप थोडेंबहुत पालटलें आहे. महाराष्ट्रापुरता विचार केला तरी हें विधान पटण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकांत रागदारी संगीतास आश्रय मुख्यतः संस्थानिकांचे दरबार, सरदारांचे दिवाणखाने, कलावंतिणींच्या बैठकी व देवालयें येथेंच मिळे. १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज स्थापन झाला आणि मध्यमवर्गीय मंडळींस गाणें ऐकण्याची प्रतिष्ठित जागा लाभली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरची गायकी इकडे रुजविली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तिकिटें लावून जाहीर जलसे करण्याचा प्रघात पाडण्यांतही त्यांचा वाटा मोठा आहे. धन्याच्या मर्जीवर अवलंबून असणारें गाणें अशा रीतीनें तिकीट घेणाऱ्या कोणासही खुलें झालें.

या जाहीर श्रवणाचा कळस १९५३ पासून पुण्यांत भरूं लागलेल्या सवाई गंधर्व महोत्सवांत दिसला. आदल्या वर्षीं निवर्तलेल्या आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनीं पुढाकार घेऊन तो चालू केला. पुढें पुढें हजारों श्रोते थंडीच्या रात्रीं शाली पांघरून मांडवांत बसत आणि गाणें उजाडेपर्यंत चाले. उत्तररात्रीं दरबारी किंवा मालकंस, पहांटे ललित, सूर्योदयानंतर तोडी, असे राग ऐकावयास मिळत. ज्यास स्वरशास्त्राचा गंध नाहीं अशा गृहस्थासही रागसमय म्हणजे काय तें तेथें आपोआप समजे. कारण बाहेरचा काळोख विरळ होणें आणि आंतले स्वर बदलणें या दोन्ही गोष्टी तो एकाच बैठकींत अनुभवीत असे.

१४ फेब्रुवारी २००० रोजीं केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम निघाले. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास त्यांनीं मनाई केली. वर्षांतील ठराविक दिवशीं मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांस आहे. पहांट मात्र कोणासच मिळत नाहीं. शेजारच्या आजारी माणसाची झोंप आमच्या गाण्याहून कमी मोलाची नव्हे, म्हणून या नियमांस दोष देतां येत नाहीं. शिवाय मैफली दुपारपासून सुरू होऊं लागल्यामुळें रात्रीच्या जलशांत ज्यांची पाळी येत नसे, ते भीमपलासी, मुलतानी यांसारखे राग आतां आपल्या वेळीं ऐकूं येतात. हाही लाभच आहे.

परंतु हानि झाली तीही लहान नाहीं. मालकंस आज मोबाइलवर भर दुपारींही ऐकतां येतो. पण जो राग त्याच्या वेळीं श्रोत्यांपुढें मांडण्याची संधीच मिळत नाहीं, त्याचा रियाज गवई तरी किती करणार? आणि जो राग जाणत्यांच्या समुदायांत बसून कधीं ऐकलाच नाहीं, त्याची पारख नवा श्रोता कोठून शिकणार? दिवाळी पहांटेच्या कार्यक्रमांनीं सकाळच्या रागांची कांहीं भरपाई केली आहे. उत्तररात्रीच्या रागांस मात्र इकडे फारसा वाली उरलेला नाहीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. बंदिस्त सभागृहें या मनाईंतून वगळलेलीं आहेत, आणि कलकत्त्याचें डोव्हर लेन संगीत संमेलन सभागृहांत रात्रभर चालत आलें आहे. त्याहून सोपा मार्ग घरचाच आहे. चाळीस-पन्नास श्रोत्यांच्या बैठकीस ध्वनिक्षेपक मुळींच लागत नाहीं. चार कुटुंबांनीं वर्गणी काढून, दारें-खिडक्या लावून, वर्षांतून एक रात्र एखाद्या गवयास सोंपविली, तर कायदाही मोडत नाहीं आणि शेजाऱ्यासही उपद्रव होत नाहीं. आमच्या मुलांनीं दरबारी मध्यरात्रीं एकदां तरी समोर बसून ऐकला, एवढें झालें तरी पुष्कळ झालें.