पुन्हा तेच औषध

रक्तदाबासारख्या विकारात औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मग दर खेपेला रुग्णाला न तपासता तेच औषध पुन्हा द्यावे का? या साध्या प्रश्नाचा ब्रिटनमधील इतिहास उद्बोधक आहे.

५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. नागरिक जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवत आणि त्यांच्या चिठ्ठीवर दुकानातून औषध घेत. १९५८ मध्ये क्लोरोथायाझाइड, १९६५ मध्ये प्रोप्रॅनोलॉल अशी दीर्घकाळ घ्यायची औषधे आली. साहजिकच चिठ्ठ्या वाढल्या. रुग्णाने दवाखान्यात निरोप द्यायचा, तेथील मदतनीस बाईंनी नोंद पाहून चिठ्ठी लिहायची आणि डॉक्टरांनी सही करायची, अशी पद्धत रुळली. रुग्णाचा हेलपाटा आणि डॉक्टरांचा वेळ वाचला.

मात्र सही करताना रुग्ण समोर नसे. १९६३ मध्ये बाजारात आलेले डायझेपाम हे चिंता कमी करणारे औषध अनेकांना अशाच चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षे मिळत राहिले. त्याची शरीराला सवय जडे. एकदम थांबवले की त्रास होई. अखेर १९८८ मध्ये तेथील औषध-सुरक्षा समितीने या गटातील औषधे फक्त दोन ते चार आठवडे द्यावीत, असा सल्ला दिला.

पुढे संगणक आला. चिठ्ठीसोबत औषधांची यादी छापून मिळू लागली. हव्या त्या औषधापुढे रुग्ण खूण करी. त्याच कागदावर फेरतपासणीची तारीखही छापता येऊ लागली. नंतर इंग्लंडमध्ये चिठ्ठ्या संगणकावरून थेट दुकानात पोचू लागल्या.

चिठ्ठी आता क्षणात पोचते. पण हे औषध अजून हवे का, याचे उत्तर रुग्णाची विचारपूस करूनच मिळते.