एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे

प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या लॅपटॉपवर त्या वेळी दोन कार्यप्रणाली नांदत होत्या. एक लॅपटॉपबरोबर आलेली. दुसरी, म्हणजे लिनक्स, मी स्वतः बसवलेली, कारण आमच्या आकडेमोडीच्या आज्ञावल्या तिच्यावरच चालत. पहिली प्रणाली कुरकुरू लागली म्हणून मी ती सीडीवरून नव्याने बसवली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर लिनक्स गायब! कित्येक महिन्यांची निरीक्षणे त्यात होती, आणि दुसरी प्रत करून ठेवण्याचा शहाणपणा मी केलेला नव्हता. ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने लिनक्सची सीडी घालून संगणक सुरू केला, दोन ओळींची आज्ञा दिली, आणि सगळे होते तिथेच सापडले. हरवले काहीच नव्हते. डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ४४६ बाइट तेवढे बदलले होते.

या ४४६ बाइटांचा इतिहास आज पुन्हा पाहण्याजोगा झाला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि शाळाशाळांतले बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण त्यातली प्रणाली म्हातारी झाली, अशी ही स्थिती. अशा वेळी जुन्या फायलींसाठी विंडोज राहू द्यावे आणि शेजारी लिनक्स बसवावे, असा सल्ला कोणीतरी देतो. एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे मांडता येतात ही गोष्ट मुळात कशी शक्य झाली, ते पाहू या.

संगणकाला वीज मिळते तेव्हा त्याच्या मुख्य स्मृतीत काहीच नसते. कार्यप्रणाली डिस्कवर झोपलेली. तिला उचलून स्मृतीत आणायचे तर आज्ञावली हवी, आणि आज्ञावल्या चालवण्याचे काम तर कार्यप्रणालीचे! बुटाची पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर ओढण्यासारखा हा प्रकार, म्हणून त्याला 'बूटस्ट्रॅप' आणि पुढे नुसतेच 'बूट' हे नाव पडले. तोडगा असा, की यंत्रातल्या एका चिपवर छोटीशी आज्ञावली कायमची कोरून ठेवायची. पीसीमध्ये तिचे नाव बायॉस. ती डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, स्मृतीत आणते, आणि शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण दिसली की कारभार त्या सेक्टरच्या हाती सोपवून मोकळी होते. पुढे काय करायचे ते तो सेक्टर ठरवतो.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी बदलली की प्रणाली बदलली, इतके ते सोपे होते. त्या यंत्रासाठी डॉसखेरीज सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम अशा आणखी दोन प्रणाली देऊ केलेल्या होत्या. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. आता प्रश्न उभा राहिला. ही डिस्क काढता येत नाही. मग तिच्यावर हक्क कोणाचा? डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने उत्तर दिले, की वाटणी करा. पहिल्या सेक्टरच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ आज्ञावलीला, शेवटचे दोन खुणेला, आणि मधल्या ६४ बाइटांत वाटणीचा तक्ता: प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी. कोणता भाग कुठे सुरू होतो, केवढा आहे, कोणाच्या मालकीचा आहे आणि आज पाळी कोणाची, एवढेच त्यात लिहायचे. फाळणीची सोय पुढे कोणा उत्साही मंडळींनी मागच्या दाराने घुसवली, असा समज आढळतो. तो खरा नाही. दुसऱ्या बिऱ्हाडाची जागा मूळ नकाशातच होती.

नकाशा मात्र १० मेगाबाइटच्या घराचा होता. तक्त्यात सिलिंडरचा क्रमांक लिहायला दहा बिट मिळाले, म्हणजे सिलिंडर जास्तीत जास्त १०२४. बायॉसच्या हिशोबात २५५ हेड, ६३ सेक्टर आणि ५१२ बाइट धरले, तर गुणाकार ८४२ कोटी बाइटांच्या आसपास येतो. (विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा.) १९८३ मध्ये हा आकडा अवाढव्य होता, १९९० च्या दशकाच्या अखेरीस साध्या डिस्काही त्यापुढे गेल्या. तक्त्यात सेक्टर सरळ मोजण्याचा ३२ बिटांचा दुसरा रकानाही होता. तो सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपर्यंत पुरला.

आता फिनलंडला जाऊ. हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ चिपचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवले. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचलेली ही प्रणाली. टोरवाल्ड्सने आपली प्रणाली लिहायला घेतली ती मिनिक्सवर बसूनच. सप्टेंबर १९९१ मधले पहिले लिनक्स मिनिक्सवाचून उभेही राहू शकत नव्हते, आणि फायली ठेवायची पद्धतही त्याने मिनिक्सचीच उचलली होती. म्हणजे लिनक्सचा जन्मच पोटभाडेकरू म्हणून झाला.

पुढचा प्रसंग त्याने स्वतः सांगितला आहे. मोडेमला द्यायची फोन फिरवण्याची आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कच्या भागावर लिहिली, आणि मिनिक्सचे बिऱ्हाड उद्ध्वस्त झाले. मिनिक्स पुन्हा बसवायचे, की आपल्याच प्रणालीवर सगळा भार टाकायचा? त्याने दुसरा मार्ग धरला. माझ्या त्या रात्रीला हा प्रसंग आठवला असता तर बरे वाटले असते.

सुरुवातीचे लिनक्स फ्लॉपीवरून सुरू करावे लागे. हार्ड डिस्कवरून ते उठावे आणि डॉसही हाताशी राहावे, यासाठी वर्नर अल्म्सबर्गर याने १९९२ मध्ये लिलो ही आज्ञावली लिहिली. लिलोला फायलींची नावे वाचता येत नसत. लिनक्सचा गाभा डिस्कच्या कोणत्या सेक्टरांत आहे त्याची यादी ती आधीच करून ठेवी आणि बायॉसकरवी ते सेक्टर उचलून आणी. गाभा बदलला आणि यादी नव्याने करायला विसरलात, की संगणक अडला. आपले नावसुद्धा ती एकेक पायरी पार पडली की एकेक अक्षर असे पडद्यावर उमटवी. रोमन लिपीतल्या चार अक्षरांपैकी दोनच दिसली, तर दुसरी पायरी स्मृतीत आली पण चालू शकली नाही, असे समजायचे. निदानाची इतकी काटकसरी पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. गाभा १०२४ सिलिंडरांच्या आतच ठेवण्याचे बंधनही यातूनच आले.

एरिक बोलिन याने १९९५ मध्ये ग्रब लिहायला घेतले ते लिनक्ससाठी नव्हे, तर ग्नू प्रकल्पाच्या हर्ड या प्रणालीसाठी. ग्रबला फायलींची व्यवस्था समजते, त्यामुळे यादीची कटकट गेली. पण तेवढी अक्कल ४४६ बाइटांत कशी मावणार? जुन्या रिवाजाप्रमाणे पहिला भाग दुसऱ्या ट्रॅकपासून सुरू होई, म्हणून पहिल्या सेक्टरनंतरचे ६२ सेक्टर रिकामे पडून असत. ग्रबने तिथे पथारी पसरली. काही व्यापारी आज्ञावल्या आपल्या परवान्याची खूणही त्याच रिकाम्या पट्ट्यात ठेवत. त्यांचे आणि ग्रबचे भांडण होई, ते आणखी निराळे.

विंडोज नव्याने बसवले की ते पहिल्या सेक्टरची आज्ञावली स्वतःची लिहीत असे, शेजाऱ्याची चौकशी न करता. म्हणून 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा क्रम रूढ झाला. यावरचा खरा उपाय यूईएफआय या बायॉसच्या उत्तराधिकाऱ्याने आणला. २००५ मध्ये त्यासाठी कंपन्यांचे मंडळ स्थापन झाले. यात डिस्कवर एक छोटा सामाईक भाग असतो, प्रत्येक प्रणालीचा त्यात स्वतंत्र कप्पा असतो, आणि चार ओळींच्या जागी सहसा १२८ ओळींचा तक्ता असतो. देवडी सामाईक झाली म्हणावे, तर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूटचे कुलूप आले: ओळखीची सही असलेलीच आज्ञावली सुरू होणार. विषाणूंना अडवण्याचा हेतू योग्यच होता, पण किल्ल्या बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या. अखेर लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाची छोटी आज्ञावली करून तिच्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने जुनी शिम नापसंत ठरवली आणि दोन बिऱ्हाडांच्या बऱ्याच संगणकांवर लिनक्स उठेना. कुलूप कोणाच्या हाती, हा प्रश्न तांत्रिक नाही असे माझे मत आहे.

शाळेतला लॅपटॉप २०१२ च्या आधीचा असेल तर त्यात बहुधा चार ओळींचाच तक्ता सापडेल, आणि उत्पादकाने त्यातल्या तीन-चार ओळी आधीच भरलेल्या असतील. नंतरचा असेल तर दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, जुन्या किंवा नव्या, बसवाव्या लागतील. लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. त्याने डिस्कला धक्का लागत नाही. विंडोज ८ पासून आलेली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी, कारण ती चालू असता विंडोज पूर्ण मिटत नाही, नुसते डुलकी घेते. आणि फायलींची प्रत आधी दुसरीकडे. हे मी सांगायला नको.

एवढे सगळे जमल्यावरही एक गंमत घडते. सकाळी साडेदहाला लिनक्स बंद करून विंडोज सुरू करावे, तर घड्याळात पहाटेचे पाच! १९८४ च्या पीसी एटीपासून यंत्रातच बॅटरीवरचे घड्याळ आले. डॉसने त्यात स्थानिक वेळ लावली आणि विंडोजने तोच रिवाज पुढे चालवला. युनिक्सच्या घराण्यातले लिनक्स मात्र त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते. दोघांच्या हिशोबातला फरक आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा येतो. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला लावता येते; पण त्याआधी भूगोलाच्या तासाला तो लॅपटॉप एकदा वर्गात न्यावा.