यीस्टचे दप्तर

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांसाठी पुढच्याच वर्षी तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तरावाचून इतिहास नाही, हे तेव्हापासून खानदेशच्या श्रोत्यांना निराळे सांगावे लागत नाही. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत, त्याचे दप्तर मात्र कोणत्याही रुमालात बांधलेले नाही. ते एका पेशीच्या जीवाच्या अंगातच लिहिलेले असते.

हा जीव म्हणजे यीस्ट, बुरशीच्या कुळातला. बेकरीतला पाव फुगतो तो याच्यामुळे, आणि सातपुड्यात मोहाच्या फुलांची दारू होते तीही याच कुळाच्या करणीने. परंतु कुळात सगळेच असे गुणी नाहीत. कँडिडा नावाची शाखा माणसाच्या तोंडात आणि आतड्यात मुक्काम करून असते. प्रकृती ठीक आहे तोवर ती मुकाट राहते. तान्ह्या मुलाच्या जिभेवर फाटलेल्या दुधासारखा पांढरा थर धरतो, मधुमेही माणसाच्या जांघेत लाली आणि खाज सुटते, ते पुष्कळदा तिचेच काम. क्वचित ती रक्तात शिरते, आणि मग प्रकरण जिवावर येते.

शरीराशी जुळवून घेण्याची तिची रीत पाहण्याजोगी आहे. कँडिडा अल्बिकन्सची गोल पेशी रक्तातल्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, शरीराच्या उष्णतेवर ठेवली की दोन-तीन तासांत तिला कोंब फुटतो. प्रयोगशाळेत तिला ओळखण्याची ही जुनी खूण. कोंबाचा तंतू होतो, तंतू अस्तरात घुसतो; आणि घुसताना तो अस्तराच्या पेशींना इजा करणारे विषही सोडतो, हे २०१६ मध्ये उघड झाले.

अशा शत्रूला मारायचे कसे? पेनिसिलिन जिवाणूंवर चालते, कारण जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार निराळी. यीस्ट आपले दूरचे भाऊबंद. त्याला लागेल ते आपल्यालाही लागते. एक फरक मात्र कामाचा निघाला. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असते, यीस्टच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन अमेरिकन विदुषींनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून मिळवलेले निस्टाटिन १९५० मध्ये जाहीर केले. ते याच एर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पडदा गळका करते.

आपल्या महाराष्ट्राचा या कथेतला वाटा फार थोड्यांना ठाऊक आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो पेनिसिलिनसाठी. तेथील संशोधनाचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे पिकांवरच्या तांबेऱ्याचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे पिंपरी गाव विज्ञानाच्या लॅटिनमध्ये जाऊन बसले! त्याच प्रयोगशाळेतून पुढे ऑरिओफंगिन निघाले, ते पिकांसाठी. माणसाचे औषध आणि पिकाचे औषध एकाच छपराखाली आणि एकाच घराण्यातले. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

या घराण्यातली औषधे यीस्टला ठार करतात, पण ती घेणे सोपे नाही. पोटातून दिली तर रक्तात नीट उतरत नाहीत; शिरेतून द्यावे ते ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला जाचते. म्हणून १९८८ मध्ये इंग्लंडात फ्लुकोनॅझोलची सुटसुटीत गोळी बाजारात आली, तेव्हा वैद्यांना हायसे वाटले. ही गोळी एर्गोस्टेरॉल तयार करणारे एन्झाइम अडवते. यीस्टची वाढ थांबते, पण यीस्ट सहसा मरत नाही. आमच्या मते पुढचे सारे रामायण या एका वाक्यात आहे. मेलेला शत्रू काही शिकत नाही, कोंडलेला शिकतो.

कसा शिकतो, याचा अस्सल कागद अमेरिकेत सापडला. एड्स झालेल्या एकाच रुग्णाच्या तोंडातून दोन वर्षांत घेतलेले कँडिडाचे १७ नमुने संशोधकांनी ओळीने तपासले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. आरंभी पेशीने औषध बाहेर फेकणारा एक पंप जोराने चालवला. नंतर गोळीचा नेम ज्या एन्झाइमवर, त्याची घडण किंचित बदलली आणि त्याचे उत्पादनही वाढवले. अखेरीस आणखी पंप लावले. पुढे २००६ मध्ये असेही दिसले की, काही हट्टी वाणांनी पाचव्या गुणसूत्राचा एक भागच जादा करून घेतला आहे. एन्झाइमचा नमुना त्याच भागात असतो. एका माणसाच्या मुखात घडलेली ही बखर वाचताना आम्हांला आजही विस्मय वाटतो.

मग आला नवा भिडू. २००९ मध्ये टोकियोतल्या एका वृद्धेच्या कानातून एक अनोळखी कँडिडा मिळाली. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून ती कँडिडा ऑरिस. दिल्लीच्या दोन रुग्णालयांत २००९ ते २०११ मध्ये तीच रक्तात सापडली. व्हेनेझुएला, दक्षिण आफ्रिका, भारत, जपान येथले तिचे वाण परस्परांहून दूरचे; म्हणजे एका ठिकाणाहून ती पसरली नाही, अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच सुमारास उपटली. बहुतेक वाणांना फ्लुकोनॅझोल लागू पडत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वांत घातक बुरशींच्या पंक्तीत बसवले.

एकाच सुमारास का? खानदेशी माणसाला रुचेल असा एक तर्क २०१९ मध्ये मांडला गेला. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ऊबच सोसत नाही. ती ऊब हाच आपला तट. पृथ्वी तापू लागली तशी एखाद्या बुरशीला उन्हाची सवय होऊन तिने तो तट ओलांडला असावा. ऑरिस ४२ अंशांवरही वाढते. भुसावळचा मे महिना भोगलेल्यांना ४२ अंश म्हणजे काय हे सांगणे नको. हा तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु दिल्लीच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांना अंदमानच्या किनाऱ्यावर ऑरिस मिळाली (२०२१), तीत खाजणातला एक वाण उष्णतेत मंद वाढणारा आणि औषधांना नमणारा निघाला. जणू न शिकलेला भाऊ.

आता आपल्या केळीच्या बागेत येऊ. रावेर-यावलच्या केळीवर करपा, म्हणजे सिगाटोका, पडला की प्रोपिकोनॅझोल फवारतात. हे फ्लुकोनॅझोलचे सख्खे भावंड. तेच एन्झाइम, तीच अडवणूक. शेतात अशा फवाऱ्यांना सरावलेली ॲस्परजिलस बुरशी रुग्णांच्या फुप्फुसांत औषधाला दाद देत नाही, हे नेदरलँड्समध्ये आढळले. तसल्या वाणाची बुरशी २०१२ मध्ये भारतातल्या मातीतही मिळाली. आणि ऑरिस २०२२ मध्ये साठवणीतल्या सफरचंदांच्या सालीवर सापडली आहे.

म्हणून शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांला मान्य नाही. पाने करपली तर घड पोसत नाही, आणि घडावर घर चालते. रोगट पाने वेळीच कापून बागेबाहेर नेणे, बागेत पाणी तुंबू न देणे, एकच औषध पुनःपुन्हा न मारता निराळ्या जातीचे पाळीने वापरणे, हे कृषितज्ज्ञ सांगतातच. केळीसाठी सांगितलेले ते रुग्णालयातल्या खाटेलाही उपयोगी आहे. आमचा खरा राग आहे तो स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाच्या ट्यूबवर. अशी स्टेरॉइडची मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरले, तरी खाज सुटली की माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो. स्टेरॉइडने खाज निवते आणि त्या जागेचा शरीराचा पहाराही ढिला पडतो. चार दिवसांनी ट्यूब बाजूला पडते, आणि उरलेल्या बुरशीला औषधाची तोंडओळख झालेली असते.