तालमीच्या पोटचा फुटबॉल

पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्त्यांच्या मैदानाचं हँडबिल वाटावं अशी ही यादी कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची आहे. अंबाजोगाईच्या माणसाला ती बुचकळ्यात टाकते. पण माझी सासुरवाडीच तिथली, त्यामुळे लेकीला घेऊन शाहू स्टेडियमवर जाणं आलंच.

या नावांतच खेळाचं कूळ आहे. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौदा नव्हे. पेठेचा गणपती तिथे बसतो, मोहरमचा पंजाही बसतो. बाबूजमाल तालमीत तर दोघांचा मुक्काम एकाच छताखाली. राजर्षी शाहूंनी मल्लांना आश्रय दिला. 1902 मध्ये विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, मधोमध आखाडा आणि भोवती उतरती बैठक. आपल्या तालमीचा पैलवान उतरला की अख्खी पेठ त्याच्यामागे, ही सवय तिथे मुरली. साहेबाचा फुटबॉल आला, त्याला संघ मिळाले, ईर्ष्या मिळाली आणि बघायला येणारी पेठही आयती मिळाली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 ची. आजची लीग तिच्याच अखत्यारीत चालते.

अमेरिकेत हीच ईर्ष्या कॉलेजांच्या पोटी जन्मली. 1869 मध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला 6-4 असं हरवलं, तिथून ती परंपरा सुरू झाली. कोलकात्यात मोहन बागान की ईस्ट बंगाल, हे पूर्वज पद्मेच्या कुठल्या तीरावरचे यावर ठरत आलं. आमची अंबाजोगाई तर मराठवाड्याचं पुणं; पण तिथल्या कॉलेजांची खरी चुरस निकालानंतर चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर! तिथे कुणी गोल करत नाही.

कोल्हापुरात कॉलेज लागत नाही, गल्ली पुरते. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की बंदोबस्ताला पोलीस आणि गॅलरीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. शेजारच्या आजोबांनी लेकीला विचारलं, “कुणाची गं तू?” तिने बापाचं नाव सांगितलं. “ते न्हवं, तालीम कुठली?” पोर माझ्याकडे बघायला लागली. मामाने पुढून मान वळवून परस्पर उत्तर दिलं आणि तिचा प्रवेश झाला. पुढचा तासभर ती त्याच संघासाठी ओरडत होती. ऑफसाइड म्हणजे काय हे मी समजावू पाहिलं, पण तेवढ्याने तिचं काही अडलं नव्हतं.

या वारशात खोटही आहे. पेठेची ईर्ष्या गॅलरीतून मैदानात उतरते, हुल्लडबाजी होते, सामने थांबवावे लागतात, आणि नुकसान होतं ते पोरांच्या खेळाचं. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. असे आणखी पुढे यावेत असं वाटत असेल, तर दगड भिरकावणाऱ्याला त्याच्याच तालमीने हाताला धरून बाहेर काढायला हवं. पोलिसांपेक्षा तालमीचा शब्द तिथे जास्त चालतो.

सामना संपल्यावर लेकीने मामाला विचारलं, “मग बाबा कुणाचे?”

“जावई कुणाचाच नसतो,” मामा म्हणाला, “त्याने तिकिटं काढायची.”