हसविणाऱ्याचे गाणे

मुंबईहून इटारसीकडे येताना भुसावळ, बऱ्हाणपूर मागे पडले की खंडवा येते. सुट्टीत गावी जाता-येता आपल्यापैकी अनेकांनी तिथल्या फलाटावर चहा घेतला असेल. याच खंडव्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी आभासकुमार गांगुली, म्हणजे आपल्या सर्वांचा किशोरकुमार, जन्मला. गाडीत कोणी त्याचे नाव काढले की 'चलती का नाम गाडी' (१९५८) नाहीतर 'पडोसन' (१९६८) हटकून आठवतो आणि सगळा डबा हसू लागतो. पण या हसण्यापायी त्याच्या गंभीर गाण्याला किती वर्षे ताटकळावे लागले, ते फारसे कोणी सांगत नाही.

मुळात या माणसाला गायकच व्हायचे होते. सैगल त्याचे दैवत. १९४८ साली 'जिद्दी'मध्ये खेमचंद प्रकाश यांनी त्याला देव आनंदसाठी गायला लावले. ते गाणे दुःखाचे आहे आणि त्यावर सैगलची छाप स्पष्ट ऐकू येते. थोरले बंधू अशोककुमार यांची इच्छा मात्र त्याने नट व्हावे अशी. चित्रपट मिळाले, त्यांतले विनोदी चालले आणि शिक्का बसला.

शिक्क्याचा परिणाम पाहा. 'नौकरी' (१९५४)चा नायक तो स्वतः. तरीही संगीताचे शिक्षण झालेले नाही म्हणून सलील चौधरी त्याला गाणे द्यायला तयार नव्हते. त्यांच्या मनात हेमंतकुमार होते. पुढे आवाज ऐकून त्यांनी मत बदलले. ('शिक्षण कुठवर?' हा प्रश्न आम्हा डिप्लोमावाल्यांच्या चांगलाच परिचयाचा!) 'रागिणी' (१९५८)मध्ये तर कमालच झाली. शास्त्रीय ढंगाचे गाणे पडद्यावर किशोरकुमार गातो आणि आवाज महंमद रफींचा! संगीतकार ओ. पी. नय्यर. रफीसाहेबांनी ते गायलेही अप्रतिम, त्यात वाद नाही. पण एका गायकाने दुसऱ्याच्या आवाजावर नुसते ओठ हलवायचे, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल?

मग त्याने स्वतःच वाट काढली. 'झुमरू' (१९६१) हा धमाल चित्रपट, संगीत त्याचेच. त्यात त्याने अशोककुमारांनी 'जीवन नैया'त (१९३६) गायलेले जुने गाणे अगदी संथ, उदास करून गायले. १९६४ साली 'दूर गगन की छाँव में' काढला. निर्माता, दिग्दर्शक, संगीतकार, नायक सगळे तोच. लढाईवरून परतलेल्या सैनिकाचे घर जळून गेलेले आहे आणि वाचलेल्या मुलाची वाचा बसली आहे, अशी कथा. विनोदाला जागाच नाही. मुलाचे काम त्याच्याच मुलाने, अमितकुमारने केले. ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी निदान गाणी तरी जरूर ऐकावीत.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९६९ साली 'आराधना' आला, राजेश खन्नासाठी त्याचा आवाज घराघरांत गेला आणि पहिले फिल्मफेअर मिळाले. अशी एकूण आठ मिळाली. 'जिद्दी'पासून मोजले तर मध्ये एकवीस वर्षे गेली होती. मला त्याहून मोलाचे वाटते ते 'मेरे अपने' (१९७१)मधले एकाकीपणाचे गाणे, कारण तिथे संगीतकार आहेत तेच सलील चौधरी!

मराठीत 'गंमत जंमत' (१९८७)साठी तो गायला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, अशोककुमारांच्या वाढदिवशी, तो गेला. अंत्यसंस्कार त्याच्या इच्छेप्रमाणे खंडव्याला झाले.

हे सारे आठवायला कारण घडले आपल्याच मंडपात. दरवर्षी नकला करून आपल्याला पोट धरून हसवणारे आपले एक ज्येष्ठ सहकारी गेल्या वर्षी शेवटी एक दर्दभरे गीत गायला उभे राहिले. पहिल्या ओळीलाच हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होतो. त्यांनी दुसरी ओळ घेतलीच नाही, हसून नमस्कार केला आणि खाली उतरले. यंदा समितीला विनंती करून त्यांचे गाणे नकलांच्या आधी ठेवून घेतले आहे. पेटीवर मी बसणार आहे.