ट्रॅमच्या दांड्यापासून गाडीच्या प्लगपर्यंत

स्मरणिकेसाठी वाडीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. बालाजी मंदिर, जुन्या चाळी, गणेशोत्सव, नाटकाच्या तालमी यांवर इतर मंडळी लिहितीलच, म्हणून मी विजेचा विषय निवडला. त्याला कारणही आहे. गेल्या वार्षिक सभेत सर्वात जास्त आवाज चढले ते पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी चार्ज करण्याच्या सोयीवरून. त्या ठरावाला विरोध करणाऱ्यांत मी पुढे होतो, हे आधीच कबूल करतो. का होतो आणि आता का नाही, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

विजेवर चालणारं वाहन मुंबईला नवीन नाही. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. पहिल्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदरहून आपल्या शेजारच्या काळबादेवीवरून पायधुणीला जात असे. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी आली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रॅम धावली. हीच कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेकडे आली. तीच आपली बेस्ट. लोकल गाडी त्या आधीच विजेवर आली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला, आणि ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली, म्हणजे आपल्या चर्नी रोडवरून.

३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून दादरला गेली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. वडील मला फणसवाडीतून चालत घेऊन गेले होते. गर्दीत ट्रॅम फारशी दिसली नाही, पण टपावरचा दांडा आणि वरच्या तारेवर उडणारी ठिणगी अजून डोळ्यांसमोर आहे. ट्रॅम वरच्या तारेतून वीज घेई आणि रुळांतून परत करी. ११ जून १९६२ पासून गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली होती. तिची चाकं रबराची, खाली रूळ नाहीत, म्हणून तिला वर दोन तारा आणि टपावर दोन दांडे. वळणावर दांडा तारेवरून सुटला की गाडी जागीच थांबे. मग कंडक्टर उतरून तो पुन्हा तारेवर बसवी. आम्हा मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. मार्च १९७१ मध्ये ट्रॉलीबसही बंद झाली.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी होती. गाडी आणि वीज जिथे जोडली जाते तो सांधा कंपनीच्या ताब्यात होता. तार एकाच प्रकारची, दांडा एकाच मापाचा. प्रवाशाला त्यात हात घालावा लागत नसे.

घरात मात्र सांधा आपल्याच हातात असतो. आमच्या चाळीतल्या खोलीत एक दिवा होता. इस्त्री करायची तर आई दिवा काढून होल्डरमध्ये अ‍ॅडॉप्टर लावी, म्हणजे इस्त्री चालू असेपर्यंत घरात अंधार. पुढे भिंतीवर प्लग आले. लाइटचा लहान, पाच अँपिअरचा. पॉवरचा मोठा, पंधरा अँपिअरचा. (आता त्यांना सहा आणि सोळा म्हणतात.) या गोल पिना इंग्रजांकडून आल्या. युद्धानंतर त्यांनी स्वतःच्या घरात चौकोनी पिना आणल्या, आपण मात्र गोलच ठेवल्या. त्यातली खुबी अशी की मोठी पिन लहान भोकात जातच नाही. प्लगचा आकार हाच नियम. ज्याला वीजशास्त्राचं काही कळत नाही, त्यालाही तो वाचवतो. आपण मात्र बाजारातून कन्व्हर्टर आणतो आणि मोठी पिन लहान बोर्डात बसवतो.

आता मोटारीकडे येतो. आपली सोसायटी स्थापन झाली त्याच सुमारास, २००१ साली, बंगळुरूत 'रेवा' ही छोटी विजेची मोटार आली. ती घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चार्ज होई. गाड्या मोठ्या होत गेल्या तसा प्रत्येक देशाने आपापला प्लग काढला. जपानने २०१० च्या सुमारास 'चाडेमो' आणला. त्याच्या नावात 'तोवर चहा घेऊ या' अशा अर्थाचा जपानी श्लेष आहे म्हणे. गिरगावकराला हे पटकन पटावं! युरोपने २०१३ मध्ये 'टाइप टू' पसंत केला, चीनचा वेगळा, अमेरिकेत टेस्लाचा वेगळा. आपल्या सरकारने २०१७ मध्ये 'भारत' नावाच्या चार्जरचं प्रमाण ठरवलं, त्यात ३.३ किलोवॅटचे तीन सॉकेट होते. पण पुढच्या गाड्या टाइप टू आणि त्याचाच जलद अवतार सीसीएस-टू घेऊन आल्या. २०२० च्या जानेवारीत आलेल्या नेक्सॉन ईव्हीपासून मोटारींत तोच रुळला. स्कूटरवाल्यांचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं. प्रत्येक कंपनीचा प्लग निराळा. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हलक्या वाहनांसाठी एक प्रमाण मंजूर केलं.

हा गोंधळ वाचताना मला बँकेतले दिवस आठवले. १९८७ मध्ये देशातलं पहिलं एटीएम मुंबईत लागलं. पण पुढे कित्येक वर्षं एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये चालत नसे. ग्राहक काउंटरवर येऊन आमच्यावर चिडत. १९९७ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने मुंबईत 'स्वधन' ही सामायिक योजना आणली, २००४ मध्ये देशभराची नॅशनल फायनान्शियल स्विच आली, आणि मग कुठलंही कार्ड कुठेही चालू लागलं. मशीन सुधारलं म्हणून नव्हे, बँका एका टेबलाशी बसल्या म्हणून. आज रस्त्यावरच्या चार्जरसाठी मोबाइलमध्ये चार-पाच अ‍ॅप ठेवणाऱ्या आपल्या मुलांची स्थिती तेव्हाच्या आमच्या ग्राहकांसारखीच आहे.

आता आपल्या पार्किंगबद्दल. सभेत माझे तीन मुद्दे होते. गाड्या थोड्यांच्या, मग खर्च सगळ्यांनी का करायचा? इमारतीचा लोड पुरेल का? आणि आग लागली तर? ठराव बारगळला. पण गाड्या यायच्या थांबल्या नाहीत. ज्याने त्याने आपली वाट काढली. कुणी जिन्याच्या खिडकीतून केबल सोडली, कुणी पंपाच्या खोलीशेजारच्या प्लगवर एक्स्टेन्शन लावलं.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास मी औषध आणायला खाली उतरलो. पार्किंगमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. आपल्याच एका तरुण सभासदाची गाडी चार्जिंगला होती आणि मधला एक्स्टेन्शन बोर्ड वितळून काळा पडला होता. मेन स्विच बंद करायला माझा हात थरथरत होता. मुलगा धावत खाली आला. "काका, दुसरं काय करणार होतो? तुम्हीच नको म्हणालात ना सभेत?" तो उद्धटपणे बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. आग लागेल म्हणून मी सोय अडवली, आणि सोय नव्हती म्हणूनच आग लागायची वेळ आली.

नंतर मी इलेक्ट्रिशियनकडून समजून घेतलं. गीझर वीस मिनिटं चालतो. गाडी त्याहून जास्त वीज सलग आठ-आठ तास ओढते. सहा अँपिअरचा बोर्ड किंवा ढिली पिन तेवढ्या वेळात तापणारच. भिंतीवर कायमचा बसवलेला चार्जर असला की गोष्ट वेगळी. टाइप टूच्या तोंडात सात पिना असतात. पाच विजेच्या आणि अर्थिंगच्या, दोन बारीक पिना बोलण्याच्या. प्लग नीट बसला आहे, अर्थिंग आहे, किती वीज घ्यायची आहे, हे गाडी आणि चार्जर त्या बारीक पिनांतून एकमेकांना सांगतात, आणि मगच वीज सुरू होते. नुसत्या लोंबत्या प्लगमध्ये वीज नसते. गळती झाली तर ईएलसीबी पडतो.

लोडचा हिशेब तर बँकवाल्याने आधीच करायला हवा होता. मुंबईत गाडी दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर चालते. एका युनिटला सात किलोमीटर धरले तर रोजचे पाच युनिट. दहा गाड्यांचे पन्नास. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ते वाटले तर सरासरी सहा-साडेसहा किलोवॅट, म्हणजे साधारण तीन गीझरचा भार. सगळ्यांनी रात्री दहालाच एकदम सुरू केलं तर मात्र तेहतीस किलोवॅट. फरक वायरीत नाही, पाळी ठरवण्यात आहे. आणि पाळी एकेकट्याला ठरवता येत नाही.

२०१९ साली केंद्राने आदर्श इमारत नियमावलीत बदल करून नव्या इमारतींत वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची तरतूद सुचवली. आपली इमारत त्याआधीची, म्हणून तिच्यात पाइप नाहीत, ट्रे नाहीत. ते आपल्यालाच करावं लागेल. माझी सूचना अशी. बेस्टकडे वाढीव लोडचा अर्ज, मीटर खोलीपासून पार्किंगपर्यंत एकच जाड केबल आणि ट्रे, एवढं सोसायटीने करावं. पुढचा चार्जर आणि सबमीटर ज्याचा त्याने घ्यावा, युनिटप्रमाणे पैसे भरावेत. कुणाच्या गाडीचं तोंड नाकाशी असतं, कुणाचं मागच्या बाजूला. त्यामुळे चार्जर कुठे लावायचा ते गाडी उभी करून ठरवावं, म्हणजे केबल वाटेत पडून कुणी अडखळणार नाही. आमच्या वयाच्या माणसांना तेही महत्त्वाचं.

पंचवीस वर्षांपूर्वी लिफ्टचा खर्च तळमजल्यावरच्यांनी का द्यायचा, असा वाद आपल्याकडे झाला होता. तळमजल्यावरच्यांनी तो दिला. आज गुडघे दुखणारे आम्ही त्याच लिफ्टने वर जातो. मी गाडी घेणार नाही. माझं वय आता चालवायचं नाही. तरी येत्या सभेत हा ठराव मीच मांडणार आहे. अनुमोदन द्यायला तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा तयार आहे.